नवाचा एक

सलीमनं, म्हणजे माझ्या थोरल्या मुलानं, सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की मागच्या खोलीत कांद्याच्या बारदानाखाली एक जुनी विलायती फटफटी सापडली. सापडली म्हणजे काय? हरवली कधी होती? ती तिथं ठेवली मी, तिच्यावर बारदान टाकलं मी, आणि दर पावसाळ्याआधी उंदराचं औषध ठेवायला त्या खोलीत जाते तीही मीच. पण हल्ली मोबाईलवर फोटो गेल्याशिवाय घरातली वस्तू घरात आहे हे कुणाला पटत नाही. फोटो गेला, आणि चौथ्या दिवशी पुण्याहून एक माणूस आला. जुन्या गाड्या ओळखायच्या आणि त्यांची किंमत सांगायची, हाच त्याचा धंदा. पायात पांढरे बूट, खिशात भिंग. अंगणात त्यानं चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "आजी, ही तुमच्याकडं आली कशी?" मी म्हटलं, बसा, सांगते. तो काही बसला नाही, त्याला घाई होती. म्हणून इथं लिहिते. वाचणाऱ्याला घाई नसेल असं धरून चालते.

ही गाडी याआधीही एकदा सापडली होती. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि काष्टीजवळच्या वस्तीवर राहत होते. आमचं घर रस्त्याला लागून, आणि घराला लागून अब्बांची पत्र्याची शेड. अब्बांना सगळे उस्मान मिस्त्री म्हणायचे. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्या काळी आमच्याकडं सकाळ कोंबड्यानं होत नसे, इंजिनांनी होत असे. एकेका विहिरीवरून पुक-पुक सुरू झालं की अब्बा अंथरुणातूनच सांगायचे, हे अमक्याचं, याचं नोझल गेलंय. हे तमक्याचं, याला माणूस बरा पण तेल वाईट. वाचता त्यांना एक अक्षर येत नव्हतं. अंगठा द्यायचे, आणि तो अंगठासुद्धा ग्रीसमुळं इतका काळा असायचा की शाई लावावी लागत नसे. कामाला सायकलवर जायचे. हत्यारांची लोखंडी पेटी मागं बांधलेली. लांबच्या विहिरीवर पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि माणूस तोवर दुसरा मिस्त्री बोलवायचा. त्यामुळं अब्बांच्या बोलण्यात एकच गोष्ट सारखी यायची. एखादी फटफटी पाहिजे. मोडकी चालेल, पण पाहिजे.

घरात आम्ही दखनी बोलायचो, पण मी शाळेत मराठी शिकले, म्हणून सगळ्यांची बोलणी मराठीतच लिहिते आहे. मी चौथी पास झाले आणि अम्मीनं मला घरी बसवलं. तिला धाकट्या दोघांना सांभाळायला हात पाहिजे होते. याबद्दल मी रडले वगैरे नाही. शाळेत जमिनीवर बसून पाय आखडायचे. उलट चौथी पास झाल्यामुळं घरातली सगळ्यात शिकलेली मीच होते, आणि त्याचा मला भारी माज होता. मिठाच्या पुडीचा कागद असो की लग्नाची पत्रिका, मी मोठ्यानं वाचून दाखवायची. अब्बा गिऱ्हाइकापुढं म्हणायचे, "कागद हाय का? रशिदाला दावा. लई वाचती पोरगी." अम्मी चुलीपुढून म्हणायची, "वाचती लई, भाकरी करती वाकडी." तेही खरं होतं. अम्मीच्या हातची हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी खायला लोक इंजिन बिघडल्याचं निमित्त काढून यायचे. माझी भाकरी कुत्रं वास घेऊन सोडायचं.

आमच्या शेजारी, मधला ओढा ओलांडला की, सोनाकाकीची वस्ती. चांगली जमीन, दोन विहिरी, पण नवरा वारून दोन वर्षं झालेली आणि सगळा कारभार दिराच्या हातात. कांदा काकीच्या रानात पिकायचा आणि बाजारात दीर विकायचा. किती आले हे तो सांगेल तेवढं. काकी तोंडानं फटकळ, पण बाजारापर्यंत जाणार कशी? बैलगाडी दिराची, गाडीवान दिराचा. त्या साली तिनं ठरवलं की कडब्याची जुनी खोली पाडायची आणि तिथं स्वतःची, कांदा साठवायची चाळ बांधायची. कडबा निम्मा उपसून झाला होता, आणि त्याच दिवसांत आमची एक कोंबडी अंडी घालायची बंद झाली. अम्मीला खात्री होती की ती बंद झालेली नाही, दुसऱ्याच्या घरी घालते आहे. मला तिच्या पाळतीवर ठेवलं. कोंबडी ओढा ओलांडून सरळ काकीच्या कडब्याच्या खोलीत शिरली. मी तिच्यामागं. कडब्याच्या पेंढ्यांमधून पोटावर सरकत भिंतीपर्यंत गेले. हाताला थंड लोखंड लागलं. अजून चाचपलं तर चामड्याचं सीट, आणि सीटच्या खळग्यात आमची चार अंडी. अंडी ओच्यात घेऊन मी बाहेर आले आणि काकीला सांगितलं, "काकी, आत लोखंडाचं जनावर हाय. त्याला शिंगं हायेत."

काकीनं कंदील आत धरला, शिंगं बघितली आणि कपाळाला हात लावला. "ही फटफटी! लग्नाआधी ह्यांनी नगरला मिल्ट्रीच्या लिलावात घेतल्याली. तिसऱ्याच दिशी कालव्यात पडलं, पाय मोडला. आईनं शपथ घातली, विकून टाक. मला म्हनलं, इकली. आन् ही हितं!" मग वर आढ्याकडं बघून म्हणाली, "मेल्यावर बी खोटं उघडं पडतंय बरं का, धनी!" तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि राग आलेली काकी रडणाऱ्या काकीपेक्षा बघायला बरी असायची.

अब्बांना बोलावलं. गाडी कशी आहे आणि किंमत काय करावी, हे सांगायला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला. ज्याला गाडी पाहिजे होती त्यालाच किंमत सांगायला बोलावलं होतं. गाडी डाव्या अंगानं भिंतीला टेकलेली होती. टायर उंदरांनी खाल्लेले, वरून पडकं आढं आलेलं. ओढून काढायची तर अर्धी खोली उतरवावी लागली असती. काकी म्हणाली, "घेईल त्यो काढील. आदी हाय काय ते सांगा." अब्बा वाकले. लग्नात नवरदेवाचं तोंड बघायला बायका जशा वाकतात, तसे. रॉकेलचा बोळा टाकीवर फिरवला. धूळ गेली, तिच्याखालून काळा रंग, आणि खरवडल्यावर त्याच्याखालून मिलिटरीचा हिरवा. टाकीवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचं चित्र निघालं. "तीन बंदुका," अब्बा म्हणाले. "विलायती. लढाईतली हाय, वैनी." त्यांनी तरुणपणी नगरच्या छावणीत मिलिटरीच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हरकाम्या म्हणून काम केलं होतं, तिथं असल्या गाड्या धुतल्या होत्या. पुढच्या चाकावर मधोमध जाड स्प्रिंग दाखवली. दिव्याला विमानातून उजेड दिसू नये म्हणून बसवलेलं झाकण दाखवलं. टाकीचं बूच काढून आत नाक घातलं आणि म्हणाले, पेट्रोलचं व्हार्निश झालंय. मग किकवर हळूच तळहात ठेवून दाबलं. किक थोडी खाली गेली, अडली आणि सावकाश वर आली. मी त्यांचं तोंड बघितलं. अम्मीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते असेच दिसले असतील. जुन्या गाडीचं इंजिन गंजून धरलेलं नाही, आत दम आहे, हे त्या एका दाबण्यात त्यांना कळलं होतं.

किमतीचं म्हणाल तर ती एका गोष्टीवर होती. काकीच्या ट्रंकेत लिलावाचा कागद निघाला, इंग्रजीतला. त्यावर इंजिनाचा नंबर होता. कागदावरचा आणि इंजिनावरचा नंबर जुळला तर गाडी नगरच्या कचेरीत नावावर होणार, रस्त्यावर धावणार, म्हणजे किंमत गाडीची. नाही जुळला तर कुणाचं तरी इंजिन कुणाच्या तरी गाडीत, पोलीस धरणार, म्हणजे किंमत मोडीची, किलोवर. काकीनं माझ्याच शाळेचे गुरुजी बोलावले, इंग्रजी वाचायला. त्या वेळी तिथं गेनू भंगारवालाही येऊन उभा राहिला. लोखंडाचा वास त्याला दोन कोसांवरून यायचा. नंबर होता इंजिनाच्या डाव्या अंगाला, भिंतीकडं. तिथं शिरणार कोण? गुरुजींचं धोतर पांढरंशुभ्र. अब्बांचे खांदे आडवे. म्हणजे मीच. "चौथी पास हाय आपली," अब्बा म्हणाले. मी ऐटीत भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये शिरले, कंदील धरला, चिखल पुसला. आधी काही इंग्रजी अक्षरं होती, ती सोडून दिली. मग आकडे होते, आणि आकडे मला येत होते.

"तीन!" मी ओरडले.

"तीन, बरोबर," बाहेरून गुरुजी.

"शून्य! दोन!"

"बरोबर. पुढं?"

"एक!"

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. "एक? नीट बघ. कागदावर नऊ आहे."

मी नीट बघितलं. वर गोल, खाली शेपूट. शाळेच्या फळ्यावर चार वर्षं तोच बघितला होता. "धडधडीत एक हाय, गुरुजी. आन् मग तीन."

गुरुजींनी कागदाच्या कडेला टाकानं लिहिलं, 'इंजिन नंबर जुळत नाही.' गेनू भंगारवाला तोंडातला तंबाखू या गालातून त्या गालात घेऊन म्हणाला, "मग काय, किलोवर." मी बाहेर आले. अब्बांनी माझ्या केसातली जळमटं काढली, मग उजव्या अंगानं इंजिनावर ओणवे झाले, हात पलीकडं घालून अंगठ्यानं नंबर चाचपला. एकदा, दोनदा. बऱ्याच वेळानं हात काढला, चिंधीला पुसला आणि म्हणाले, "पोरगीनं वाचलं तसंच की." तो गुरुवार होता. काकीनं रविवारी सौदा ठेवला.

शनिवारी दुपारी मी शेडमध्ये पाने रॉकेलमध्ये धूत होते. हे माझं नेहमीचं काम. अब्बा एका इंजिनाखाली आडवे होते आणि एकेक पाना मागत होते. पान्यांची नावं मला तोंडपाठ होती, ती त्यांच्यावर कोरलेल्या इंचाच्या मापांवरून पडली हे माहीत नव्हतं. मोठा, तो अर्धा. पातळ, तो तीन-आठ. "नऊ-सोळा दे," अब्बा म्हणाले. मी नऊ-सोळा उचलला. घासल्यामुळं त्यावरचे आकडे चकाकत होते. वर गोल, खाली शेपूट. तोच माझा एक. मी पान्याकडं बघत राहिले. याला नऊ-सोळा म्हणतात. मग हा एक नाही. हा इंग्रजीतला नऊ आहे. शाळेत आम्हाला मराठी आकडे शिकवले होते. तीन, शून्य, दोन दोन्हीकडं सारखेच दिसतात म्हणून निभावलं होतं. इंग्रजीची पाळी पाचवीत यायची आणि मी चौथीत उठले होते. अंगावर थंड पाणी पडल्यासारखं झालं. पण खरं थंड पाणी पुढच्या विचारानं पडलं. अब्बांना मराठी एक येत नव्हता, पण पान्यांवरचे इंग्रजी आकडे ते अंधारात अंगठ्यानं ओळखायचे. गुरुवारी त्यांनी अंगठा फिरवला होता. दोनदा. "ए, दे की," अब्बा इंजिनाखालून म्हणाले. मी दिला. त्यांनी पाना घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पुन्हा आत गेले.

माझे अब्बा लबाड नव्हते. त्यांना ओळखणारा कुणीही हेच सांगेल. ते तीन दिवस लबाड होते, एवढंच. त्या तीन दिवसांत ते जेवले कमी आणि शीळ वाजवत राहिले जास्त. अम्मीनं विचारलंही, "दात दुखतोय का?"

रविवारी काकीच्या अंगणात सौदा बसला. खाटेवर काकीचा दीर, मिशी पिळत. गुरुजी साक्षीला. गेनू आणि अब्बा समोर, घोंगडीवर. काकीनं आधीच सांगून टाकलं, "माज्या घरातनं गेलेलं जनावर आजवर तोंडानं इकलं न्हाई. हे बी तसंच जाईल. हाताखाली." आमच्याकडं बैलबाजारात हेडी लोक, म्हणजे जनावरांचे व्यापारी, असेच सौदे करतात. उपरण्याखाली दोघांचे हात, आणि बोटं दाबून किंमत सांगायची. एक बोट म्हणजे पन्नास, की शंभर, ते आधी ठरवायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बोलला तो सौद्यातून उठला, आणि त्याची अब्रू गेली. काकीला असा सौदा का पाहिजे होता हे मला लहानपणीही कळलं. किती आले ते दिराला कळू द्यायचं नव्हतं. पण अडचण ही की बाईमाणसाच्या हातात परक्या पुरुषानं हात कसा द्यायचा? गेनू म्हणाला, "मग काय भिताडाला हात द्यायचा का?" काकी म्हणाली, "रशे, तू ये. तुजा हात मधी घाल." म्हणजे गिऱ्हाइकानं उपरण्याखाली माझी बोटं दाबायची, आणि तेवढीच बोटं मी जाऊन काकीच्या पदराखाली दाबायची. अशी मी किंमत झाले. ऐटीत बसले.

पहिला गेनू. त्याचा हात तंबाखूनं चिकट. दोन बोटं दाबली. मी उठले, काकीच्या पदराखाली दोन बोटं दाबली. काकीनं नाक मुरडलं. मग अब्बा. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं. त्यांचा हात मला ठाऊक होता, खरखरीत, पण नेहमी कोरडा. त्या दिवशी ओला होता. तीन बोटं दाबली. काकी तीनवर हो म्हणणार हे मला तिथंच कळलं. मोडीला तीन बोटं कोण देतं? घोंगडीपासून ओट्यावर बसलेल्या काकीपर्यंत दहा पावलं असतील. मी निघाले.

लोक म्हणतील पोरीला खोटं सहन झालं नाही. तसं काही नव्हतं. मी कोंबडीची अंडी मोजताना अम्मीला रोज एक कमी सांगायची आणि ते पचायचं. मला राग आला होता तो वेगळाच. चुकले मी, आणि ते अब्बांना ठाऊक होतं, आणि त्यांनी मला सांगितलं नाही. माझी चूक खिशात घातली आणि तिच्यावर गाडी घ्यायला निघाले. सगळ्या अंगणाला मी अजून वाचणारी पोरगी होते, आणि एकट्या अब्बांना ठाऊक होतं की मी अडाणी आहे. हे मला सहन झालं नाही. मी काकीच्या पुढं जाऊन उभी राहिले. तिनं पदर पुढं केला. मी हात घातलाच नाही.

"काकी, त्यो एक न्हाई. नऊ हाय. मी चुकले. नंबर जुळतोय."

बोलले की हो मी! हाताखालच्या सौद्यात! दीर खाटेवरून उठला. गेनूनं घोंगडीवरच पिंक टाकली. गुरुजी मात्र उठून माझ्याजवळ आले, खिशातला कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हणाले, "नंबरावर कागद धर आणि वरून पेन्सिल घास. वाचू नकोस, नुसता ठसा आण." मी पुन्हा भिंतीच्या फटीत शिरले. कागद धरला, घासला. काळ्या पेन्सिलीत पांढरा नंबर उमटत गेला. बाहेर आणून दिला. गुरुजींनी बघितलं आणि स्वतःच्याच गालावर हळूच मारून घेतलं. "मी शिकवलेला एक वाचलास गं पोरी. चूक माझी." मग लिलावाच्या कागदावरचं स्वतःचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'जुळतो. वाचणारीला नऊ माहीत नव्हता.' खाली सही.

काकी अब्बांकडं बघत होती. "मिस्त्री, तुमास्नी ठाव हुतं?"

अब्बांना नाही म्हणता आलं असतं. ते अंगठेबहाद्दर, कुणी संशय घेतला नसता. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "व्हय, वैनी. गुरवारपासनं."

"आन् गप बसला?"

"गाडी लई आवडली. चुकलं."

"मग आता खरी किंमत सांगा."

"दोन्ही हातांची बोटं पुरायची न्हाईत. नगरला एखादा ठेकेदार घेईल. मला न्हाई झेपायची." असं म्हणून अब्बा उठले आणि घोंगडी झटकायला लागले.

"बसा खाली," काकी म्हणाली. दीर म्हणाला, "वैनी, नगरचं मी बगतो." तेवढं त्यानं म्हणायला नको होतं. काकीनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. "कांदं बी तुमीच बगता न्हवं? ऱ्हाऊ द्या. मिस्त्री, तुमची बोटं काय आसतील ती आसूंद्यात, मला पटली. वर दोन गोष्टी. माजी दोन्ही इंजिनं तुमी बगायची, मी हाय तवर. आन् दर बाजारी मला काष्टीला न्यायचं. माजा कांदा मी इकीन." गेनू मोठ्यानं हसला. "फटफटीवर? मिस्त्रीच्या मागं? गाव काय म्हनंल काकी?" काकी म्हणाली, "मधी रशी बसंल. आजच्यासारखी. गावाला बोलू दे, ते काय हाताखाली बोलत न्हाई कदी."

घरी येताना अब्बा पुढं चालले. मी दोन पावलं मागं, मार कधी पडतोय याची वाट बघत. अम्मीला आधीच कळलं होतं, वस्तीवर बातमी माणसाआधी पोचते. ती म्हणाली, "हिच्या जिभेला हाड नाही." अब्बा जेवायला बसले, शेंगोळीची वाटी ओढली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा दुसरी भाकरी मागितली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नऊ-सोळा, पाणी दे." मी पाणी दिलं. त्या दिवसापासून मरेपर्यंत अब्बांनी मला रशिदा म्हणून हाक मारली नाही. माझ्या लग्नात काझीनं नाव विचारलं तेव्हाही त्यांच्या तोंडून आधी नऊ-सोळाच निघालं आणि मग त्यांनी जीभ चावली. गुरुजींनी पुढच्या आठवड्यात येऊन शेडच्या पत्र्यावर खडूनं एकपासून नऊपर्यंत इंग्रजी आकडे लिहून दिले. माझं इंग्रजी तेवढंच, पण ते मी विसरलेले नाही.

गाडी सुरू करायला अब्बांना पाच महिने लागले. पुढचं चाक दुसऱ्याच गाडीचं घातलं. टाकीला खालून भोक होतं, ते कथलाचा डाग देऊन बुजवलं. मागं सीट नव्हतं तिथं पोत्यात काथ्या भरून गादी बांधली. पहिल्यांदा किक मारली तेव्हा असा बार निघाला की ओढ्यापलीकडं काकीची म्हैस दावं तोडून पळाली. आणि मग पुढची कितीतरी वर्षं, दर बाजारच्या दिवशी, पुढं अब्बा, मागं नऊवारीचा काचा घट्ट मारून सोनाकाकी, आणि मध्ये मी, अब्बांच्या रॉकेलच्या पाठीला नाक आणि पाठीमागून काकीच्या पोटाचा धक्का. कांद्याच्या गोण्या दुसऱ्याच्या टेम्पोत, पण मालकीण फटफटीवर. लोक बोलले, भरपूर बोलले. काकी बाजारात उतरली की आधी डोक्यावरचा पदर नीट करायची आणि मग व्यापाऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात करायची. पट्टी झाली, म्हणजे विक्रीचा हिशेब हातात आला, की मला भेळ. दिरानं पहिल्या वर्षी अबोला धरला. दुसऱ्या वर्षी त्याच्याच विहिरीचं इंजिन बंद पडलं आणि त्यानं अब्बांना बोलावलं. अब्बा गेले. फटफटीवर गेले, मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवून.

अब्बा वारल्यावर गाडी, तिचा कागद आणि पाने माझ्याकडं आले. तर पुण्याचा माणूस. त्यानं भिंग लावून टाकीवरच्या तीन बंदुका बघितल्या, जमिनीवर आडवा होऊन नंबर वाचला. इंग्रजीत वाचला, पण मला कळला. नऊ त्यानं नऊच वाचला, शिकलेला होता. कागद मागितला. मी ट्रंकेतून काढून दिला. खाडाखोड बघून त्याचं तोंड उतरलं. "आजी, कागदावर असं काही खोडलेलं असलं की किंमत राहत नाही हो." मग मी ठसा दिला. पेन्सिलीचा, अजून चांगला आहे, कारण मी तो कुराणाशेजारी ठेवला होता. त्यानं ठसा बघितला, गुरुजींची खालची ओळ वाचली, आणि कुत्र्याला हाड मिळावं तसा खूश झाला. कागदाला कागद, नंबराला नंबर, लढाईतली अस्सल गाडी. त्यानं एक आकडा सांगितला. तोही सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा, शेजारची पोरंटोरं कुंपणाला लटकलेली असताना. माणसाला रीत नसते आजकाल. सलीम उभा होता तो ओट्यावर बसला.

मी म्हटलं, "थांबा. पुढचं चाक हिचं नाही. दुसऱ्या गाडीचं आहे."

त्यानं आकडा खाली आणला.

"टाकीला खालून डाग आहे. रंगाखाली दिसणार नाही, बोटानं चाचपा."

त्यानं चाचपलं. आकडा आणखी खाली आला. सलीमला खोकला लागला.

"आणि कार्बोरेटर माझ्या बापानं दोन मिळून एक केलाय."

"अम्मी, साहेबांना चहा कर ना अजून," सलीम म्हणाला. मी म्हटलं, चहा त्यांनी घेतलाय.

शेवटी जो आकडा राहिला त्याला गाडी दिली. खोली कांद्याला मोकळी झाली, मला गाडी काही चालवायची नव्हती. टेम्पोत चढवताना त्यानं विचारलं, हत्यारं आहेत का त्या काळची, त्याचे वेगळे देईन. बाकीचे पाने दिले. नऊ-सोळा दिला नाही, त्यानं मी गुळाची ढेप फोडते.

टेम्पो वळणावर गेला तसा सलीम माझ्यावर चिडला. म्हणाला, "अम्मी, तुला पाच मिनिटं गप्प बसवत नाही? आजोबा तीन दिवस गप्प बसले होते, तूच सांगतेस ना?"

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांचं खोटं उघडं पाडायला घरात मी होते. माझं पाडायला कोण आहे, तू? म्हणून मी सुरूच करत नाही. जा, मोकळ्या खोलीत झाडू मार."